पत्र्याच्या वरची जागा

आमच्या घरात दोन मजले, दोन स्वयंपाकघरं, दोन पाण्याच्या टाक्या आणि एक भांडण आहे. भांडण सामाईक आहे. बाकी सगळ्याची वाटणी झाली.

खाली आम्ही राहतो, म्हणजे बाबा, आई आणि मी. वर आत्या राहते, बाबांची सख्खी मोठी बहीण. बाबा तिला ‘वरची’ म्हणतात, ती बाबांना ‘खालचा’ म्हणते. पाहुण्यांना वाटतं, ही माणसं भाडेकरूंबद्दल बोलत आहेत. बाबा शिलाई मशिनी दुरुस्त करतात. आत्या दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे बाबांवर खायचे, असा तिचा दिनक्रम आहे.

घरामागे पाखरांची जाळी आहे. खोलीएवढी, लोखंडी सांगाड्याची, आजोबांनी बांधलेली. बाजूंना तारेची बारीक जाळी आणि छताला मात्र दोरीचं मऊ जाळं, कारण आतली पाखरं घाबरली की विचार न करता सरळ वर उडतात. ही पाखरं म्हणजे फळहोले. होला म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे राखाडी, गरीब पक्षी येतो. हे तसले नाहीत. हिरवंगार अंग, पिवळं पोट आणि छातीवर जांभळा डाग, जणू जेवताना सरबत सांडलंय आणि ते पुसायला नोकर यायचाय. दाणे यांना चालत नाहीत. फक्त फळं. तीही चोचीने तोडायचे कष्ट नकोत, सबंध गिळायची. म्हणून रोज सकाळी पपई, नाशपाती, उकडलेलं गाजर यांच्या फोडी करून द्याव्या लागतात. संत्रं-मोसंबं बंद, यकृताला सोसत नाही. आमच्या घरात इतकं पथ्य आजोबांनाही कुणी पाळू दिलं नव्हतं.

भांडण फोडींवरूनच झालं.

आजोबांचा एक जुना नर होता, साहेब. आजोबा गेल्यावर महिन्याभराने तो जाळीच्या तळाशी मरून पडलेला सापडला. बाबांनी मान तपासली आणि म्हणाले, वरचीने दार आपटलं, पाखरू घाबरून वर उडालं आणि मान मोडली. आत्याने चोच उघडून बघितली आणि म्हणाली, खालच्याने विटांएवढ्या फोडी टाकल्या, एक घशात अडकली. तेव्हा ते दोघं शेवटचं एकमेकांशी थेट बोलले. बोलणं संध्याकाळी सुरू झालं आणि आईने शेवटी पंख्याचं बटण बंद केलं तेव्हा थांबलं. पंख्याचा आणि भांडणाचा काही संबंध नव्हता, पण तिला काहीतरी बंद करायचं होतं. त्यानंतर आईने जाहीर केलं की तिच्यापुरती घरामागे जाळी नाही. आजही ती तिकडे कपडे वाळत घालायला जाते आणि जाळीच्या आरपार बघते.

साहेब गेला तेव्हा जाळीत चार तरुण होले होते. ते आमचे नव्हते. शहराबाहेरच्या प्राणीबागेने आजोबांवरच्या विश्वासाने ते वाढवायला आणि पिल्लं करायला दिले होते. नर आणि मादी या जातीत हुबेहूब सारखे दिसतात. त्यांच्या जोड्या आजोबा लावणार होते, पण ते राहून गेलं. मग बहीणभावांनी जाळीची वाटणी केली आणि मधोमध आणखी एक तारेची भिंत घातली. भिंतीतूनही एकमेकांचं तोंड दिसायला लागलं, म्हणून तिच्या तळापासून माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत पत्रा ठोकला. पत्र्याच्या वर नुसती तार राहिली. तिथपर्यंत कुणाचं तोंड पोचत नव्हतं.

पाखरांची वाटणी एकेक करून झाली. आधी बाबा, मग आत्या, पुन्हा बाबा. बाबांनी दोन धिप्पाड, आवाजी पाखरं उचलली. त्यांतला एक घुमायला लागला की शेवटी त्याला भरपेट जेवल्यासारखी ढेकर यायची, म्हणून त्याचं नाव ढेकऱ्या पडलं. बाबांचा तो जीव की प्राण. दुसऱ्याला दुसरा म्हणत. आत्याकडे दोन शांत, टोपलीत बसून राहणारी पाखरं गेली, थोरली आणि धाकटी. धाकटीच्या डाव्या पायाचं एक नख वाकडं होतं. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. आपल्याकडे जोडी आली आणि समोरच्याकडे उरलंसुरलं गेलं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दोन्ही जाळ्यांत जायची परवानगी फक्त मला होती, कारण मला दोघंही माणसात धरत नव्हते. सुरुवातीला मी बाबांसाठी मोठ्या आणि आत्यासाठी बारीक अशा दोन मापांच्या फोडी करायचो. मग कंटाळलो आणि एकाच मापाच्या करून दोन वाट्यांत घालायला लागलो. बाबा वाटीत बघून म्हणायचे, ‘ही बघ फोड. नाहीतर वरची, नुसता लगदा करते.’ आत्या म्हणायची, ‘निदान तू तरी शिकलास. तिकडे अजून विटाच पाडतात ना?’ मी दोन्हीकडे हो म्हणायचो. काचा घासणाऱ्याला एक गोष्ट कळते, नंबर डोळ्यात असतो.

निरोपही मीच पोचवायचो, थोडे घासूनपुसून. ‘त्या बयेला सांग, तिच्या पाखरांची घाण माझ्या बाजूला पडते’ याचं वर जाईपर्यंत ‘बाबा स्वच्छतेबद्दल विचारत होते’ असं व्हायचं. आत्याला मूळ वाक्य बरोबर कळायचं. तीही तसंच उत्तर द्यायची आणि मी तेही घासायचो.

घाणीचं प्रकरण मात्र खरं होतं. पत्र्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना शिटेचे ढीग साठायचे. पपईच्या बिया, द्राक्षाची सालं, सगळं रंगीत. बाकीची जमीन स्वच्छ. बाबांचं म्हणणं, ती मुद्दाम इकडे झाडून टाकते. आत्याचं म्हणणं, तो इकडे. ढीग समोरासमोर होते, मापाने सारखे. बाबांनी एकदा लाकडी पट्टी उभी करून आपला ढीग मोजला आणि तिचा माझ्याकडून मोजून आणवला. तिचा थोडा कमी भरला तेव्हा त्यांनी समाधानाने चहा मागवला.

अशी काही वर्षं गेली आणि मग प्राणीबागेच्या डॉक्टरबाई आल्या. त्या फार कमी बोलतात आणि बोलताना माणसाकडे न बघता पाखराकडे बघतात, त्यामुळे आमच्याकडे त्यांना मान होता. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. पिल्लू कुठेच नव्हतं. प्रयोगशाळेत एकेक पीस पाठवून नरमादी ओळखणारी तपासणी करून घ्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, आम्हाला पाखरं कळतात. पत्र्यापलीकडून आत्या म्हणाली, आम्हाला तर फारच कळतात. बाई पाखराकडे बघतच म्हणाल्या, ठीक आहे. पावसाळा संपला की परत येईन. ज्याच्या जाळीत पिल्लू असेल, चारही पाखरं त्याच्याकडे. दुसरी जाळी रिकामी करायची.

दोघांनाही एवढा आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. त्या रात्री बाबा जेवताना म्हणाले, रिकाम्या जाळीत तिला कोळसा ठेवता येईल. आत्याने सकाळी मला सांगितलं की खालच्या जाळीत सायकल छान मावेल. कुणाचीच सायकल नव्हती. पण जाळी रिकामी झाली की ती सायकल घेणार होती.

हरणाऱ्याचं काय होणार, हे मात्र दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं. मला दिसत होतं. बाबा सकाळी उठल्यावर चष्म्याच्याही आधी जाळीकडे जातात. आत्याने लग्न केलं नाही, मैत्रिणी केल्या नाहीत, दाताच्या साच्यांशी दिवसभर बोलून जी उरते ती जाळीपुढे स्टुलावर बसून राहते. जो हरेल, त्याच्याकडे ते भांडण तेवढं उरणार होतं, आणि जाळीशिवाय भांडायचं तरी कशावरून.

लढाई सुरू झाली. बाबांच्या जाळीत रोज मारामाऱ्या व्हायच्या. ढेकऱ्या आणि दुसरा एकमेकांची पिसं उपटायचे. बाबा म्हणायचे, संसार आहे. मी म्हणालो, एकजण दुसऱ्याला टोपलीतून ढकलतोय. बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि म्हणाले, ‘लग्न झालं की कळेल तुला.’

आत्याकडे तर चमत्कार झाला. टोपलीत दोन अंडी आली. फळहोला एका वेळी एकच अंडं घालतो. हे आत्याला माहीत होतं, आजोबांनी तिला ते चालायच्याही आधी शिकवलं असेल. पण दोन अंडी बघून तिने असा निष्कर्ष काढला की तिचं पाखरू असामान्य आहे. मला जिन्यात अडवून तिने बातमी मोठ्याने सांगितली, खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाबांनी त्या दिवशी एका मशिनीची सुई तीनदा मोडली. अंडी दोन्ही पाखरांनी मनापासून उबवली. त्यातून काही निघालं नाही. आत्या म्हणाली, खालच्याची नजर लागली.

मला कळलं ते शिडीवर. वरच्या दांड्या बदलायला मी चढलो होतो. वर पोचलो तर चौघं पत्र्याच्या वरच्या तारेला लागून बसलेले. इकडे ढेकऱ्या, तिकडे थोरली, मधे तार. त्यांच्यापासून हातभर लांब इकडे दुसरा, तिकडे धाकटी. ढेकऱ्या मान खाली घालून थोरलीपुढे वाकत होता. घुमायचा, ढेकर द्यायचा, पुन्हा वाकायचा. थोरलीने तारेतून चोच घालून त्याच्या मानेचं पीस सारखं केलं.

आजोबांची जोडी लावायची रीत हीच होती. लग्न ठरवायचं नाही, बघायचं, असं ते म्हणायचे. तरुण पाखरं तारेच्या दोन बाजूंना ठेवायची आणि थांबायचं. जी तारेला चिकटून बसतील ती जोडी. मग मधलं दार उघडायचं. माझ्या बापाने आणि आत्याने तीच रीत, तीच तार लावून, न कळत तंतोतंत पाळली होती. फक्त जोड्या बघायच्या जागी त्यांनी पत्रा ठोकला होता आणि खाली साठणाऱ्या शिटेवरून भांडत बसले होते.

इकडच्या मारामाऱ्या आणि तिकडची दोन अंडी, दोन्हींचा अर्थ मला तिथेच लागला. मी खाली उतरून बाबांना एवढंच सांगितलं, तुमच्याकडे दोन्ही नर आहेत. बाबांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्याच जन्माबद्दल काही बोललोय. तासभर ते एकच स्क्रू घट्ट करत बसले. मग दुरुस्तीला आलेल्या मशिनीचं झाकण लावून म्हणाले, ‘वरचीला कळलंय?’

मी नाही म्हणालो. नंतर वर जाऊन आत्याला सांगितलं, तुझ्याकडे दोन्ही माद्या आहेत. तिने हातातली कवळी माझ्या दिशेने रोखली. थोडा वेळ ती कवळीच माझ्याकडे रागाने बघतेय असं वाटत होतं. मग आत्याने विचारलं, ‘खालच्याला माहीत आहे?’

दोघांनी मला गप्प राहायची तंबी दिली. मी गप्प राहिलो. त्यामुळे बाबांना माहीत होतं की आपल्याकडे दोन नर आहेत, पण त्यांची समजूत अशी की वर ठणठणीत जोडी आहे. आत्याला माहीत होतं की आपल्याकडे दोन माद्या आहेत, पण तिची समजूत अशी की खाली ठणठणीत जोडी आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला मशिनींच्या मागे बोलावलं आणि हलक्या आवाजात बेत सांगितला. तिची मादी आणायची आणि त्या जागी आपला दुसरा सोडायचा. सगळी पाखरं सारखीच दिसतात, तिला पत्ता लागणार नाही. आपल्याकडे जोडी होईल आणि तिच्याकडे दोन नर. ‘बसू दे मग त्यांना उबवत,’ बाबा म्हणाले आणि हसले. मी विचारलं, मादी कुठली ते मला कसं कळणार. बाबा म्हणाले, आजोबांचा नातू आहेस, बघ काहीतरी.

वर गेलो तर आत्याने दार लावून घेतलं. तिचा बेत असा, की खालच्याचा नर आणायचा आणि त्या जागी आपली धाकटी सोडायची. ‘दोन माद्या घेऊन बसेल. दोन दोन अंडी निघाली की मला दाखवायला येईल, गाढव,’ ती म्हणाली. आपल्याकडे दोन अंडी निघाली होती हे ती विसरली नव्हती. पण त्या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला आयुष्यात पहिल्यांदाच एका कामाच्या दोन ऑर्डरी एकदम मिळाल्या होत्या, आणि दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांचं वाटोळं करायला निघालेली. मी दोघांपुढेही मान डोलावली.

चोरी होताना आपण घरात नको, हेही दोघांना स्वतंत्रपणे सुचलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा केस कापायला निघाले. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं नाही. त्याच वेळी आत्या हातात पिशवी घेऊन जिना उतरली. फाटकात दोघं एकदम पोचले. दोघांनी एकमेकांसाठी फाटक उघडायचं टाळलं, त्यामुळे काही वेळ दोघंही तसेच उभे. शेवटी मी जाऊन उघडलं. बसथांब्यावर दोघं पाठीला पाठ लावून उभे असलेले मला गच्चीतून दिसले. बाबांचा न्हावी पायी चालत दोन मिनिटांवर आहे.

होला पकडायचा म्हणजे घाई नको. जाळीवर चादर टाकून अंधार करायचा, हळू जायचं, दोन्ही पंख अंगाला दाबून धरायचे आणि सुती पिशवीत सोडायचं. मी दुसऱ्याला धरायला गेलो. आतल्या गोंधळात एकजण हाताला लागला, तो पिशवीत घातला, बाहेर आलो. पिशवीने ढेकर दिली.

एका दिवशी एकाच होल्याला दोनदा धरायचं नाही, हा आजोबांचा कायदा. दुसऱ्यांदा धरलेला पक्षी कधीकधी हातातच जातो. म्हणून मी ढेकऱ्याला परत सोडला नाही. तो आत्याच्या जाळीत गेला, थोरलीकडे, जिच्यापुढे तो तसाही रोज वाकत होता. धाकटीला तिथून आणून दुसऱ्याजवळ सोडलं. चादरी काढल्या. चौघं उडाले आणि सवयीप्रमाणे पत्र्याच्या वर जाऊन बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या जोडीच्या मधे आता तार नाही. ढेकऱ्या एवढा गोंधळला की ढेकर द्यायचंच विसरला.

बाबांना मी काम झालं म्हणालो. कुठला गेला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ढेकऱ्याचा आवाज येत होता, पत्र्याच्या वरून, नेहमी यायचा तिथूनच. तो पत्र्याच्या कुठल्या बाजूचा, हे खाली उभं राहून सांगता येत नाही.

थोड्याच दिवसांत दोन्ही टोपल्यांत एकेक अंडं आलं. या पाखरांत दिवसा नर बसतो, रात्री मादी. ड्यूटी बदलताना वाद नाही, निरोप्या नाही. बाबा बायनाक्युलर घेऊन बसले. आधी स्वतःचं अंडं पाहिलं, मग सवयीने पत्र्याच्या कडेने तिकडची टोपली पाहिली. तिथेही अंडं. बायनाक्युलर खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. दोन नरांनी अंडं कसं दिलं, याचा खुलासा त्यांना माझ्याकडून हवा होता. वरूनही हाक आली. आत्याला जाणून घ्यायचं होतं की खालच्याच्या दोन माद्यांचं अंडं एकच का.

दोघांनी मला एकाच शब्दाने संबोधलं. तो शब्द इथे लिहीत नाही, आई वाचेल. सारांश असा की मी फितूर आहे, दुसऱ्या बाजूचं खातो. खरं म्हणजे मी दोन्ही बाजूंची पपई कापतो आणि उरलेली खातो, त्यामुळे आरोप अर्धा बरोबर होता.

आता अंडी उबायला लागली होती. दोन्हींत जीव धरला होता. मी रात्री विजेरीपुढे धरून पाहिलं, दोन्हींत लाल शिरांचं जाळं होतं. आणि घरात अशी शांतता पसरली की आई म्हणाली, कुणीतरी काहीतरी करणार आहे. ती जाळीबद्दल बोलत नव्हती, कारण जाळी नव्हती.

बाबांनी केलं. भर दुपारी मी जेवायला घरी आलो तर ते मागच्या बाजूला, आत्याच्या जाळीपाशी उभे. हातात लांब दांड्याचा झाडू. आत्याची टोपली कोपऱ्यात, डोक्याच्या वर बांधलेली. झाडूचा दांडा एकदा पत्र्यावर हाणला असता, तर उबवणारं पाखरू बाणासारखं वर गेलं असतं. अंडं फुटलं असतं, थंड पडलं असतं, काहीही. बाबांनी दांडा उचलला. खांद्याच्या वर नेला.

टोपलीतून घुमल्याचा आवाज आला. खोल, सावकाश. आणि शेवटी ढेकर.

दांडा वरच राहिला. बाबा असे थांबले, जणू कुणी त्यांची वीज काढून घेतली. त्यांनी टोपलीकडे पाहिलं. काठावरून जांभळी छाती दिसत होती, आणि एक डोळा, जो बाबांकडे रोज सकाळी चष्म्याच्या आधी बघत आला होता. साहेबासारखा तोही सरळ वर उडाला असता. जाळं मऊ आहे, पण सांगाडा लोखंडी आहे.

मी पुढे झालो, तेवढ्यात जिन्याच्या पायरीवरून आवाज आला. आत्या बसली होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिच्या मांडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं होतं आणि हातात पळी.

‘मार ना,’ ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती बाबांशी बोललेले हे पहिले शब्द. बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

‘ताई, हा माझा आहे,’ ते म्हणाले.

‘माहीत आहे. पहिली ढेकर ऐकली तेव्हाच ओळखला. आणि तुझ्या टोपलीत रात्री कोण बसते, तिचं नख बघितलंस?’ आत्याने पळी पातेल्यात ठेवली, आवाज न करता. ‘काल मी हे पातेलं बडवायला तुझ्या जाळीपर्यंत गेले होते. दिवे लागले होते. टोपलीत माझी धाकटी होती.’

मी जेवायला आत जावं की नाही हे ठरवत उभा होतो. बाबांनी झाडू खाली घेतला आणि उगाच दोन फटके जमिनीवर मारून झाडल्यासारखं केलं. तिथे कचरा नव्हता.

‘धाकटीला काही झालं,’ आत्या म्हणाली, ‘तर तुझ्या लाडक्याची मान मी माझ्या हाताने पिरगाळीन.’

‘त्याला काही झालं तर तुझी धाकटी सूप होईल.’

‘ठीक आहे.’

‘ठीक आहे.’

आमच्या घरात इतका मुद्देसूद करार यापूर्वी झाला नव्हता. आई खिडकीत उभी होती. तिने खिडकी लावून घेतली आणि पंखा बंद केला.

त्यानंतर झाडू आणि पातेलं आपापल्या जागी गेलं. बाबा आत्याच्या बाजूची टोपली स्वतःच्या टोपलीइतक्याच वेळा बघायला लागले. त्यांनी वर निरोप पाठवला, नराला दुपारी ऊन लागतंय, तिकडे गोणपाट बांधायला सांग त्या नालायक बाईला. मी पोचवला, नालायक वगळून. आत्याने गोणपाट बांधलं आणि उलट निरोप दिला, धाकटीला नाशपाती आवडत नाही, त्या मठ्ठाला इतकंही कळत नाही का. अंडी दोन दिवसांच्या अंतराने फुटली. पहिलं कुठलं फुटलं, यावरून जो वाद झाला त्यात मी साक्षीदार होतो आणि दोन्हीकडून फुटलो.

पिल्लं दिसायला वाईट होती. डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव, जणू कुणी अंडं घाईत शिजवलंय. आईबाप त्यांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं घट्ट दूध पाजतात, नरसुद्धा. ढेकऱ्या पाजताना मधेच थांबून ढेकर द्यायचा आणि पिल्लू दचकायचं. पंधरवड्याच्या आतबाहेर दोन्ही पिल्लं टोपली सोडून खालच्या दांड्यांवर आली, अर्धवट पिसांची आणि पूर्ण आत्मविश्वासाची.

पाऊस थांबला आणि डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दोन्ही जाळ्या पाहिल्या आणि पिल्लांकडे बघत म्हणाल्या, दोन्हीकडे पिल्लू आहे, म्हणजे पाखरं आहेत तिथेच राहतील. अभिनंदन. बाबांचा आणि आत्याचा चेहरा असा पडला, जणू नापासाचा निकाल लागलाय. त्यांच्या डोक्यातला कोळसा आणि सायकल दोन्ही त्या क्षणी गेली. बाकी त्यांच्या हातात सगळं शिल्लक होतं, पण त्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग बाईंनी सांगितलं की या पिल्लांची आता ओळख व्हायला हवी, आईबाप वेगवेगळे आहेत, नर-मादी निघाली तर चांगली जोडी लागेल. त्यांनी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली. पिल्लं खालच्या दांडीवर बसतात, त्यांना पलीकडचं दिसत नाही. हा काढा.

बाई गेल्यावर पत्रा काढायला मलाच सांगितलं. दोघांनीही. खिळे गंजले होते, प्रत्येक निघताना किंचाळत होता, आणि प्रत्येक किंकाळीला बाबा इकडून आणि आत्या तिकडून म्हणायचे, हळू. शेवटचा खिळा निघाला आणि पत्रा माझ्या पायावर आला. त्याची चौकशी कुणी केली नाही.

मधे आता नुसती तार होती. इकडे बाबा स्टुलावर, तिकडे आत्या स्टुलावर. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना फक्त फाटकात आणि त्या झाडूच्या दुपारी पाहिलं होतं, बसून कधीच नाही. बाबांचे केस गेले होते. आत्याने स्वतःसाठी पुढचे दोन दात केले होते, हे मलाही पहिल्यांदा दिसलं. दोन्ही पिल्लं तारेपाशी आली आणि एकमेकांकडे टक लावून बघायला लागली. मी दोन्ही वाट्या भरून आणल्या, एक इकडे ठेवली, एक तिकडे.

आत्या बराच वेळ तारेतून बाबांच्या वाटीकडे बघत राहिली.

‘अजून विटाच पाडतोस,’ ती म्हणाली.

बाबांनी तिच्या वाटीत डोकावून पाहिलं. ‘हा लगदा खाऊन पिल्लू जगलं, हेच नवल.’

‘तुझ्याने साहेब जगला नाही.’

‘तू दार आपटलंस.’

मी दाराबाहेर आलो आणि ते लावून घेतलं, अगदी हळू. मागे आवाज चढत होता. पिल्लं काही उडाली नाहीत, ती जन्मापासून हेच ऐकत आली आहेत. स्वयंपाकघरात पपई अर्धी उरली होती. मी सुरी घेतली आणि दोन्ही बाजूंच्या उद्याच्या फोडी एकाच वाडग्यात पाडायला बसलो.